बरडावरचे ठिपके

नकाशात रंग भरण्याआधीच उन्नतीनं आपल्या गावाचा रंग मनात ठरवून टाकला होता. हिरवा, तोही गडद. असं करायचं नसतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. नागपुरातल्या, जमिनींचे नकाशे करणाऱ्या ऑफिसात ती रुजू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मानापुरे सरांनी सगळ्या नव्या पोरापोरींना बजावलं होतं, की आधी नकाशाला बोलू द्या, मग तुम्ही बोला. पण स्वतःच्या गावाची गोष्ट निघाली की भल्याभल्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. वडेपार हे तिचं गाव, भिवापूर तालुक्यातलं. नाल्याकाठची काळीभोर जमीन, उन्हाळ्यात भेग पडली तर हात कोपरापर्यंत आत जाईल अशी. तिच्या आजोबा-पणजोबांपासून त्या जमिनीत भिवापुरी मिरचीच पिकत आली. तिथं हिरवा रंग येणार नाही, तर कुठं येणार?

काम सांगायला सोपं होतं. तालुक्यातली कोणती जमीन मिरचीला मानवेल आणि कोणती नाही, हे नकाशावर दाखवायचं. मातीचा एक थर, उताराचा दुसरा, पावसाचा तिसरा, विहिरींच्या पाण्याचा चौथा. हे सगळे एकावर एक ठेवायचे, काचेवर काच ठेवावी तसे, आणि मग संगणक प्रत्येक तुकड्याला रंग देतो. हिरवा म्हणजे योग्य, पिवळा म्हणजे जेमतेम, लाल म्हणजे अयोग्य. माती काही इंचाइंचावर तपासता येत नाही. गावागणिक चार-पाच जागी गिरमिटानं खोलवर माती काढायची, प्रयोगशाळेत धाडायची, आणि मधल्या जागांचं संगणकानं शेजारच्या ठिपक्यांना विचारून ठरवायचं. ठिपका खरा तर रंग खरा.

आणि हा नकाशा भिंतीवर लावायला नव्हता. उपसा सिंचनाच्या पाण्याचा मोठा पाइप तालुक्यापर्यंत येऊन ठेपला होता. त्याची एक शाखा वडेपारला वळणार की पलीकडच्या आंबेटोल्याला, ते या रंगांवरून ठरणार होतं.

त्या शाखेकडे डोळे लावून बसला होता दुर्गेश, उन्नतीचा धाकटा भाऊ. बापाबरोबर शेती तोच करायचा. विहीर संक्रांतीपर्यंत साथ द्यायची आणि मग ऐन तोडणीत हात वर करायची. झाडावरची मिरची झाडावरच सुकायची. बुटीबोरीच्या एका कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली त्याला जागा मिळत होती. मित्रानं मे महिन्याच्या अखेरपर्यंत ती धरून ठेवली होती. त्याला थांबवलं होतं उन्नतीनंच. दिवाळीत घरी गेली तेव्हा ओट्यावर बसून तिनं त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, "नकाशा होऊ दे गा. आपलं गाव हिरवं येते. पानी आलं तं तू कायले जातं बुटीबोरीले?" दुर्गेशनं ऐकलं. ताई शिकलेली, त्यातून त्याच ऑफिसात. तिचं नाही ऐकायचं तर कोणाचं?

एप्रिलमधल्या एका दुपारी तिनं बटण दाबलं आणि वडेपार लाल झालं.

जेमतेमही नाही, चक्क लाल. टेकडीपासून नाल्यापर्यंत, सगळं शिवार. आणि आंबेटोला शेजारी हिरवागार बसला होता, नव्या नवरीसारखा. उन्नतीनं थर पुन्हा चढवले, पुन्हा बटण दाबलं. यंत्राला दया नसते. त्यानं पुन्हा तेच दाखवलं. मग तिनं सगळे थर काढून टाकले आणि नुसते ठिपके ठेवले. वडेपारचे सगळेच्या सगळे ठिपके टेकडीच्या पायथ्याला होते, एकमेकांना खेटून, बरडावर. बरड म्हणजे मुरमाड जमीन, वीतभर खाली दगड लागतो, पाणी घातलं की पळून जातं. तिथं वडेपारचे लोक नुसती तूर फेकून देतात, आली तर आली. नाल्याकाठच्या काळ्या जमिनीत एकही ठिपका नव्हता.

"फील्डची पोरं नाल्यापर्यंत गेलीच नाहीत," उन्नती दात खात म्हणाली. "रस्त्यालगत जिथं गाडी थांबली तिथंच गिरमिट मारून आली."

बाजूच्या टेबलावर नूपुर होती. हुडकेश्वरला दोघी एकाच खोलीत राहायच्या. ती म्हणाली, "ती पोरं अशी नाहीत गं. त्यांनी तर माझ्या गावांत चिखल तुडवून नमुने आणलेत. तू एकदा जाऊन बघ तरी."

उन्नती शनिवारीच निघाली. दिघोरीच्या नाक्यावर बस धरली, उमरेडपर्यंत उभ्यानं गेली, आणि वाटभर त्या पोरांना मनातल्या मनात झाडत राहिली. सोमवारी कोणाकोणाला काय काय ऐकवायचं, ते तिनं भिवापूर येईस्तोवर पाठ केलं होतं.

घरी आई, शोभाताई, अंगणात फडकं पसरून बियाची मिरची निवडत होती. जाड, आखूड, गडद लाल तेवढ्या एका बाजूला, बाकी दुसऱ्या. लेकीला बघून तिनं हात पुसले आणि म्हणाली, "दुर्गेश म्हणते, औंदा पानी येते. म्हणून बी जास्तच ठेवलं म्या." उन्नतीनं नुसती मान हलवली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

उन्हं उतरल्यावर तिचे वडील, देवराव, तिला शेतात घेऊन गेले. तिनं नमुन्यांचा विषय काढायचा अवकाश, त्यांचा चेहरा खुलला. हा माणूस तसा कमी बोलणारा. चार माणसांत बसला तर कोपरा धरून बसायचा आणि उठून गेला तरी कोणाच्या लक्षात यायचं नाही. त्या दिवशी मात्र ते टेकडीकडे असे झपझप निघाले की उन्नतीला मागं धावावं लागलं.

"इथी घेतलं पहा," त्यांनी पायानं माती सारून दाखवली. "अन् एक त्या पळसापाशी. अन् दोन मनोहररावच्या बरडात. साऱ्याईच्या बरडात नेलं म्या त्याहिले."

उन्नती मातीवरून नजर काढून त्यांच्याकडे वळली. "तुम्ही नेलं?"

"मंग? ते पोरं तं सिद्धे नाल्याकडे निघाले होते. म्या म्हटलं, तिकडे काय पाहता गा? तिकडे तं चांगलंच हाय सारं. खराब पाहाचं असन तं इकडे चाला. ताक पाजलं त्याहिले, पळसाखाली बसवलं, गिरमिट बी म्याच दाबलं." देवराव हसले. "तुले फोन केला होता त्या दिवशी, काय काय दाखवाचं ते विचाराले. तू उचलला नाही."

"मीटिंगमध्ये होती मी, बाबा."

"असंन. म्या म्हटलं, पोरगी कामात हाय, आपणच पाहून घेऊ."

फोन तिला आठवला. वाजत होता, तिनं तो कापला होता, संध्याकाळी करू म्हणून ठेवला होता आणि मग संध्याकाळी खोलीवर गॅस संपला होता की काहीतरी झालं होतं. राहून गेला. जगात राहून गेलेल्या फोनांची मोजदाद कोण ठेवतं?

"पण खराबच काहून दाखवलं, बाबा?" तिनं विचारलं. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

देवराव तिच्याकडे बघतच राहिले. शिकलेल्या पोरीनं हे काय विचारावं, असं. मग त्यांनी गारपिटीच्या सालची गोष्ट काढली. ती उन्नतीनं लहानपणी अर्धीमुर्धी ऐकली होती, पूर्ण कधीच नाही, कारण घरात ती कोणी सांगत नसे. त्या साली गारांनी अर्धं पीक झोपवलं. नुकसानीचा पंचनामा करायला साहेब आला. देवराव साधा माणूस, साहेबाला बांधावरून घेऊन गेले ते नाल्याकडच्या चांगल्या अंगानं. तिथली मिरची थोडीफार उभी होती. साहेबानं उभ्याउभ्याच बघितलं आणि नुकसान नाही म्हणून निघून गेला. मनोहररावानं मात्र त्याच साहेबाला आपला सगळ्यात झोपलेला तुकडा दाखवला, आणि त्याचं नाव लागलं. त्यानंतर कित्येक वर्षं देवराव चावडीवर दिसले की कोणीतरी म्हणायचंच, "देवराव, साहेबाले कोणत्या बाजूनं नेतं गा?" आणि सगळे हसायचे. देवरावही हसायचे. दुसरं काय करणार?

"गिरमिट घेऊन मानूस आला, का टेप घेऊन आला, का कागद घेऊन आला, त्याले खराब बाजू दाखवाची," देवराव म्हणाले. "हे मले त्या साली समजलं. ह्या खेपी साऱ्या गावानं म्हटलं, देवरावनं डोकं चालवलं. मनोहरराव सोता आला होता घरी सांगाले." ते पळसाच्या बुंध्याला टेकले. "मंग, कधी लागते यादी?"

"यादी नाही बाबा. नकाशा असते."

"तेच ते," देवराव समाधानानं म्हणाले.

शिव्या घालायला पोरं हाताशी होती तोवर राग तरी होता. आता राग ठेवायला जागाच उरली नाही. समोर बाप उभा होता, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद होता की तो तिनं कधी बघितला नव्हता. हे सगळं उलटं झालंय, तुम्ही गाव बुडवलंत, हे शब्द तिच्या जिभेवर आले आणि तिनं ते परत गिळले. रात्री जेवताना दुर्गेशनं विचारलं, "ताई, झाला का नकाशा?" ती म्हणाली, "होऊन राहिला." त्याला खरं सांगितलं असतं तर त्यानं ताट बाजूला सारून बापाला उभं-आडवं घेतलं असतं. पोरगा तापट, आणि या बाबतीत त्याचं चुकलं असतं असंही नाही.

सोमवारी ती मानापुरे सरांसमोर उभी राहिली. नमुने चुकीच्या जागेचे आहेत, एवढं सांगितलं.

"कोणी दाखवली जागा?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"गावानं."

"हं." सर वाईट माणूस नव्हते, त्यांनी खरोखर विचार केला. "हे बघ, गाव तुझं. तू म्हणालीस आणि मी नमुने बदलले, तर उद्या आंबेटोल्याचे लोक माझ्या दारात बसतील, आणि त्यांचं बरोबर असेल. पण वाट आहे. मे महिन्यात गावोगाव नकाशा वाचून दाखवायचा आहे. तेव्हा गावातल्या एकानं जरी उभं राहून सांगितलं की नमुने चुकीच्या जागेचे आहेत, हरकत लिहून दिली, तर मी पावसाळ्याआधी परत टीम पाठवतो. तुला कोणी बोट लावणार नाही, फील्डच्या पोरांनाही नाही. अशा हरकती येतातच. फक्त ती गावाकडून आली पाहिजे. तुझ्या तोंडून नको."

उन्नती बाहेर आली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. एकच काम उरलं होतं, बाबांना सांगायचं. त्यांनी हरकत दिली की झालं.

जागेवर येऊन तिनं नकाशा उघडला. एक ठिपका माउसनं उचलून नाल्याकाठी ठेवला आणि त्याला काळ्या मातीचे आकडे देऊन बघितले. नाल्याकाठचं शिवार हिरवं झालं, एका क्षणात. तिनं डोळे भरून बघून घेतलं आणि ठिपका परत बरडावर नेऊन ठेवला. मग तिची नजर तालुक्यातल्या बाकीच्या लाल गावांवर गेली. आजवर लाल म्हणजे लाल, असं ती समजत आली होती. त्या प्रत्येक गावात एखादा देवराव असेल का, पोरांना ताक पाजून टेकडीवर नेणारा? हे तिला कोण सांगणार होतं? तिनं नकाशा बंद केला.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. वाक्यं जुळवून ठेवली होती: बाबा, तुमची चूक नाही, पण हे पंचनाम्यासारखं नाही, इथं पाणी चांगल्या जमिनीला मिळते.

"बोल वं," देवराव म्हणाले. मागं कलकलाट होता. "थांब, चावडीवर हाय मी. मानसं बसून हायत, स्पीकरवर टाकतो. हां, बोल आता."

"काय म्हणते उन्नती?" हा मनोहररावांचा आवाज. "झालं का आपलं काम?"

"पोरगीच वर बसून हाय, तं होत कसं नाही?" दुसरं कोणीतरी म्हणालं, आणि हशा उठला. त्या हशात बाप कुठं बसला असेल हे तिला न बघता कळलं. कोपऱ्यात नव्हे, मधोमध.

"बाबा, जेवले का?" उन्नतीनं विचारलं.

"जेवतो ना, घरी गेलो का. बस, हेच विचाराचं होतं?"

"हो. हेच."

त्यानंतर सांगायला वेळ भरपूर होता. पण सांगायचं नसलं की माणसाला कामं सुचतात. एका रविवारी तिला ताप होता, एका रविवारी नूपुरच्या बहिणीचा साखरपुडा. फोनवर आई भेटायची, बाबा शेतात असायचे. अन् खरं सांगायचं तर ते घरी असते तरी ती बोलली नसती. गावात जाईन त्या दिवशी सकाळी बोलू, बैठकीच्या आधी, बाजूला घेऊन, असं तिनं ठरवून टाकलं आणि त्या ठरवण्यावर निवांत झोपली.

बैठकीच्या दिवशी ऑफिसची गाडी आंबेटोल्यात रखडली. तिथल्या लोकांनी हार आणले होते, चहा आणला होता, सोडेनात. वडेपारला पोचले तेव्हा ग्रामपंचायतीच्या खोलीत माणसं दाटली होती, आणि बाबांना बाजूला घ्यायला बाजूच उरली नव्हती. देवराव पहिल्या रांगेत होते, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. दुर्गेश दाराशी टेकून उभा. नूपुर वाचून दाखवणार होती. उन्नतीच्या वाट्याला नकाशा भिंतीवर धरायचं काम आलं. खिळा एकच होता, दुसरा कोपरा तिनं हातानं दाबून धरला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

नकाशा उलगडला तसं देवराव पुढं वाकले. वडेपार त्यांना लगेच सापडलं. ते मागं वळून मनोहररावांना म्हणाले, "पाहा. सबसे लाल आपलंच हाय." मागच्या दोघा-तिघांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

नूपुर भराभर वाचत गेली. हिरवा म्हणजे काय, पिवळा म्हणजे काय. लाल म्हणजे मिरचीसाठी अयोग्य. पाण्याची शाखा हिरव्या गावाला, म्हणून या भागात ती आंबेटोल्याला जाईल.

मागच्या रांगांतल्या माणसांनी नकाशाकडे माना उंचावल्या.

"म्हणजे आपल्याले पानी नाही?" कोणीतरी विचारलं.

"सध्याच्या नकाशानुसार नाही," नूपुर म्हणाली.

मनोहरराव उठले. पंचनाम्यात नाव लागलेला माणूस, त्याला बोलायची सवय होती. "मॅडम, आमची नाल्याकाठची जमीन पाहून या एकदा. ते लाल कसं असन? ज्यानं हा नकाशा बनवला ना, त्याचंच चुकलं हाय."

सगळ्यांची डोकी वळली. नकाशाचा कोपरा दाबून उभ्या असलेल्या उन्नतीकडे. बरडात पोरांना कोणी नेलं हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि आपण त्याला शाबासकी दिली हेही. म्हणूनच कोणी देवरावांचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर आपलंही घ्यावं लागलं असतं.

नूपुर म्हणाली, "हरकत असेल तर जरूर द्या. नमुने चुकीच्या जागेचे आहेत असं एकानं जरी लिहून दिलं, तरी आम्ही परत घेऊ."

"मंग ज्यानं बनवला त्याले काय होते?" हे मनोहररावांनीच विचारलं.

"विचारणा होते," नूपुर सहज म्हणाली. तिच्या लेखी ती रोजची गोष्ट होती. पत्र येतं, पत्राला उत्तर जातं.

उन्नतीनं बापाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला होता. हा माणूस भोळा होता, मूर्ख नव्हता. त्यांना सगळं कळलं होतं, टेकडी, पळस, ताक, गिरमिट, सगळं. आता ते उठतील, ती मनात म्हणाली. उठा, बाबा. म्या दाखवलं म्हणा. एवढंच म्हणा.

देवराव उठले. चार माणसांत ते आजवर कधी उभे राहून बोलले नव्हते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"नकाशा बराबर हाय," ते म्हणाले. "माह्या पोरीनं बनवला. तिचं नाही चुकत. आपली जमीनच तशी हाय."

"देवराव, अगा नाल्याकाठची…" मनोहरराव म्हणाले.

"नाल्याकाठची बी," देवराव म्हणाले. "वरूनच काळी दिसते. अंदर काही नाही."

त्या जमिनीचा सगळ्यात चांगला तुकडा त्यांचाच होता. तोच माणूस असं म्हणतो म्हटल्यावर बाकीच्यांनी काय बोलायचं? आणि बोलायचं तर गावानं मिळून फसवलं हे लिहून द्यावं लागणार. मनोहरराव खाली बसले. त्यांना जरा सुटल्यासारखंच वाटलं असावं.

उन्नतीच्या ओठांवर शब्द होता. असं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणणं म्हणजे सगळ्या गावादेखत बापाला दोनदा खोटं पाडणं, एकदा टेकडीवर आणि एकदा इथं. सर म्हणाले होते, तुझ्या तोंडून नको. ते कारण तिनं घट्ट धरलं आणि नकाशाचा कोपरा त्याहून घट्ट. नूपुरनं दोनदा विचारलं, हरकत आहे का कोणाची? मग कागदावर लिहिलं, हरकत नाही.

दाराशी दुर्गेश उभा होता. त्यानं आधी बापाकडे बघितलं, मग ताईकडे, बराच वेळ. आणि उंबरा ओलांडून गेला.

गाडी निघायला अवकाश होता म्हणून उन्नती बापाबरोबर घरापर्यंत चालत गेली. वाट नाल्यावरून जाते. देवराव एरवी तिथं थांबतात, बांधावरून एक नजर टाकतात. त्या दिवशी ते मान खाली घालून चालत राहिले. अंगणात पोचले तर दुर्गेश फोनवर होता. "हो. सांग त्याले, येतो म्हणा. सोमवारपासून." शोभाताई दारात सूप घेऊन उभी होती. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, "बी किती भिजवाचं औंदा?"

देवराव ओट्यावर बसले. बराच वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या कडा सारख्या करत राहिले. मग हळू आवाजात, दुर्गेशला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाले, "मले समजलं, बेटा. ते मॅडम बोलली ना, तवाच समजलं. म्या बरड दाखवलं, म्हणून झालं." ते थांबले. "पण तुही नोकरी हाय. तुहं नाव नाही खराब झालं पाहिजे. जमिनीले काय, तिले काही बी म्हणता येते."

तिला काहीच झालं नसतं. एक पत्र आलं असतं, एक उत्तर गेलं असतं, पोरं गिरमिट घेऊन परत आली असती आणि शिवार हिरवं झालं असतं. हे सगळं एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, आणि एप्रिलपासून ते वाक्य तिच्याजवळ होतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. देवरावांनी वर बघितलं. त्या डोळ्यांत जरा भीती होती, जरा आशा, शाळेतलं पोर मास्तरांकडे बघतं तशी.

"बराबर बोललो ना वं मी?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा," उन्नती म्हणाली. "बराबर बोलले."